खालच्या टप्प्यावरचे तण

शरदातली कुळपूजा आटोपली. सुक्या माशाचे तुकडे आणि तांदळाची पांढरी दारू सगळ्यांच्या हाती पडली. मग प्यो कुळाच्या मंडळाचे अध्यक्ष जोंगथेक यांनी घसा साफ केला. तेगू शहरात तीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस, त्यामुळे ते बोलायला लागले की लोक आपोआप सरळ बसत.

"पुढच्या वर्षी सहावा महिना अधिक आहे," ते म्हणाले. "अधिक महिन्यात वरचे देव खाली बघत नाहीत. थडग्यांना हात लावायला तोच महिना बरा. हा गेला तर तीन वर्षं थांबावं लागेल. तेव्हा मंडळाचं असं मत आहे की टेकडीवरची सगळी थडगी उकरून, अस्थींची राख करून, एका दगडी पेटीत गावाजवळच्या स्मृतिगृहात ठेवावी. मुलं शहरात आहेत. गवत काढायला माणूस मिळत नाही. आणि खालच्या टप्प्याची दशा तर आपण सगळ्यांनी आज पाहिलीच."

सगळ्यांनी माना वळवून खाली पाहिले. टेकडीच्या वरच्या दोन टप्प्यांवर थडग्यांचे गोल उंचवटे हिरवे दिसत होते. सर्वांत खालच्या टप्प्यावर मात्र उंचवटे ओळखूही येत नव्हते. काटेभोपळ्याच्या वेलीने त्यांच्यावर पिवळट पानांची एकच चादर ओढली होती. तिच्या घोसांमधली पांढरी काटेरी बोंडे वाळून फुटायला आली होती. मधून मधून डुक्करगवताचे कंबरभर खराटे उभे होते. त्या चादरीखाली चार थडगी होती, आणि त्यांतले शेवटचे ग्वांगहोचे होते.

ग्वांगहोची बायको फिल्सुन बायकांच्या रांगेत टोकाला बसली होती. वय सहासष्ट. हान्ती गावची लेक म्हणून सोल्मे गावात तिला सगळे हान्तीकरीण म्हणत. फिल्सुन हे नाव दवाखान्याच्या कागदावर उरले होते. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा त्याच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. ती तिची.

"भाऊजी," ती म्हणाली, "ज्यांना उकरायचं नसेल त्यांचं काय?"

"वहिनी, एकट्या एका थडग्यासाठी टेकडी ठेवायची का? आणि तण तर तुमच्याच टप्प्यावर आहे."

"तण काढलं तर?"

"दर वर्षी काढतोच की आपण. सप्टेंबरातल्या छुसकच्या सणाआधी पाच यंत्रं लावून काढतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच."

"मी काढलं तर," ती म्हणाली. "अधिक महिन्यापर्यंत टप्पा स्वच्छ दिसला तर खालची चार थडगी राहतील. नाही दिसला तर पहिली कुदळ मीच मारीन."

पुरुषांच्या रांगेत कोणीतरी हसले. जोंगथेक हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि "ठीक," म्हणाले.

*

घरी परतताना शेजारची दोल्गोलकरीण तिच्या मागेच लागली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. गेली चव्वेचाळीस वर्षे एकमेकींना टोमणे मारण्यात त्यांनी खंड पडू दिला नव्हता.

"शब्द देऊन बसलीस. गुडघे विचारले होतेस का आधी?"

"गुडघे तुझ्यासारखे बोलत नाहीत. गप्प काम करतात."

"अगं, सरकारची माणसं नदीकाठी दहा वर्षं ही वेल कापतायत. संपली का?"

फिल्सुन चालत राहिली. एक गोष्ट तिने कुळात कधी बोलून दाखवली नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वी ती पंचक्रोशीतली सर्वांत चलाख कलम करणारी होती. काकडीचे रोप नाजूक, मुळे लवकर सडत. म्हणून खाली दणकट मुळांचे दुसरे रोप घ्यायचे, पात्याने तिरका छेद द्यायचा, वर काकडीचे शेंडे बसवायचे आणि चिमट्याने धरून ठेवायचे. दिवसाला हजार रोपे तिच्या बोटांखालून जात. त्या काळात एका बियाणेवाल्याने दणकट मुळांसाठी म्हणून परदेशी वेलीचे बी आणून दिले होते. तोच हा काटेभोपळा. उरलेली रोपे ग्वांगहो हातगाडीत भरून ओढ्याच्या काठी ओतून येई. तिनेच त्याला सांगितले होते, टाकून ये म्हणून.

तेव्हा त्या बियांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. शंभर पेरल्या तर पाच उगवत. कवच इतके कठीण की पाणी आत शिरत नसे. शेवटी तिने युक्ती काढली. नखे कापायच्या चिमट्याने बीचे टोक किंचित उडवायचे, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार खोलीत ठेवायचे. मग शंभरातल्या नव्वद चौथ्या दिवशी तोंड उघडत. सबंध जिल्ह्यातून बायका ही युक्ती शिकायला आल्या होत्या. उगवायला शिकवलेली गोष्ट आता संपवायची होती.

*

पहिली चूक तिने महिन्याच्या आतच केली.

वेली वाळल्या होत्या. तिने त्या गुंडाळून जाळल्या, आणि मग मुळासकट निकाल लावायचा म्हणून सगळा टप्पा कुदळीने वीतभर खणून काढला. बारा दिवस लागले. थडग्यांवरची उरलीसुरली हिरवळही त्यात उलटी झाली. काळीभोर स्वच्छ माती पाहून तिला समाधान वाटले. दोल्गोलकरणीलाही वाटले, ती म्हणाली, "मुळा लावायला झकास आहे."

पण खणताना फिल्सुनला मातीत बिया दिसल्या होत्या. चपट्या, तपकिरी, कलिंगडाच्या बीहून जरा मोठ्या. काही वरती, काही पार वीतभर खाली. यंदाच्या किती आणि मागच्या किती, सांगता येत नव्हते. तिला चैन पडेना. नोव्हेंबरच्या शेवटी तिने त्या टप्प्यावरची माती तीन लाल रबरी घमेल्यांत भरून घरी आणली. हिवाळी लोणच्याची कोबी मुरवायची हीच घमेली. एक घमेले तिने खालून तापवलेल्या जमिनीच्या उबदार खोलीत ठेवले. दोन अंगणात ठेवली. त्यांतले एक उघडे, दुसऱ्यावर भाताच्या पेंढ्याचा हातभर थर.

"खोलीत तण पाळतेस?" दोल्गोलकरणीने दारातून विचारले. "नाव ठेवलंस का?"

"तुझंच ठेवलंय. बोलत नाही, म्हणून बदलावं म्हणते."

जानेवारीत अंगणातली माती दगडासारखी गोठली. खोलीतल्या घमेल्याला ती दिवसाआड पाणी घालत होती. त्यात काय उगवले? काटेभोपळ्याची सहा रोपे. डुक्करगवताचे एकही नाही. तिने बोटाने माती चाळवली, आणखी महिनाभर वाट पाहिली, नाही. तिला वाटले, चला, डुक्करगवत तरी संपले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अंगणातल्या उघड्या घमेल्यावर हिरवी लव आली. आठ दिवसांत घमेले झाकून गेले. सगळे डुक्करगवत. कात्रीने कापल्यासारखी बारीक कातरलेली पाने. त्याच्यात इथल्या जुन्या करवती वेलीची पंधरा-वीस रोपेही होती. पेंढ्याखालचे घमेले तिने उघडून पाहिले. करवती वेलीची फिकट रोपे पेंढ्यात धडपडत होती. डुक्करगवत तीन काड्या.

ती घमेल्यांसमोर उकिडवी बसून राहिली. माती एकच, एकाच दिवशी आणलेली. खोलीतल्या डुक्करगवताच्या बीला थंडी मिळाली नव्हती, म्हणून ते उठलेच नाही. पेंढ्याखालच्या बीला थंडी मिळाली, पण उजेड मिळाला नाही, म्हणून तेही झोपून राहिले. दोन्ही मिळाले ते उघड्यावरचे. आणि तिने तर सगळा टप्पा उलथून, वर्षानुवर्षे अंधारात पडलेले बी उचलून उजेडात, थंडीत आणून ठेवले होते.

ती तशीच उठून टेकडीवर गेली. खालचा टप्पा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार झाला होता. दुरून पाहणाऱ्याला वाटले असते, बाईने छान हिरवळ लावली.

*

"आता?" दोल्गोलकरणीने विचारले. या खेपेला टोमणा नव्हता.

"आता त्यांना सगळ्यांना येऊ देणार. एकही मागे राहता कामा नये."

एप्रिल उजाडेपर्यंत तिने हात लावला नाही. डुक्करगवत आणि करवती वेल ही एकदम उठणारी जात. थंडी संपली की सगळी एका वेळेला वर येतात, आणि ऊन तापले की उरलेले बी पुढच्या वर्षापर्यंत तोंड उघडत नाही. सगळी वर आल्यावर तिने धारदार खुरपे घेऊन जमिनीलगत रोपे कापली. कुदळ घरी ठेवली. माती वाटाण्याइतकीही हलवायची नाही, म्हणजे खालचे बी वर येणार नाही, हे तिने स्वतःला बजावले होते. पाठ धरली, गुडघे सुजले. दोल्गोलकरीण तिसऱ्या दिवशी आपले खुरपे घेऊन आली आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्यासाठी नाही. तो मला कधी आवडला नाही. घरी कंटाळा येतो म्हणून."

मग काटेभोपळा. त्याचे शास्त्र उलटे. त्याला उजेडाची पर्वा नव्हती. वीतभर खोल अंधारातूनही ते जाड रोप माती फोडून वर येई. पण ते एकदम येत नसे. एप्रिलच्या शेवटी काही, मेमध्ये काही, प्रत्येक मोठ्या पावसामागून काही, असे पार सप्टेंबरपर्यंत. म्हणूनच वर्षातून एकदा कापणाऱ्यांना ते चकवत होते. कापून माणसे घरी गेली की उरलेले उठत, घाईघाईने फुलत आणि बोंड टाकून मोकळे होत.

तिने काकडीच्या जुन्या मांडवाचे पारदर्शक प्लास्टिक काढले, टप्प्याला भरपूर पाणी घातले आणि चारही थडग्यांवर ते ताणून कडांना दगड ठेवले. ऊन पडले की आतली माती दुपारी हात लावू नये इतकी गरम आणि पहाटे गार होई. कवचांना तडे जायला तेवढे पुरेसे होते.

गावात बातमी गेली की हान्तीकरीण थडग्यांवर तण पेरून त्याला पाणी घालते आहे. तेगूपर्यंतही गेली. जोंगथेकांचा फोन आला.

"वहिनी, हे काय ऐकतोय मी?"

"खरं ऐकताय."

"तण काढायचं ठरलं होतं."

"काढतेच आहे. आधी बोलावते, मग काढते. भाऊजी, एक विचारू? छुसकच्या आधी गवत कापताना आपण कुठून सुरू करतो?"

"वरून. सगळ्यांत थोरल्या पूर्वजापासून. दुसरं कुठून करणार?"

"आणि कापलेलं कुठे जातं?"

 कापलेले गवत खाली ढकलत यायचे, ही पद्धत. थोरल्यांच्या अंगावर कचरा राहू द्यायचा नाही. वरच्या टप्प्यांच्या कुंपणावर चढलेली वेलही त्यात असे, नेमकी बोंड पिकायच्या दिवसांत. तो सगळा भारा दर वर्षी घसरत येऊन सर्वांत धाकट्यांच्या उशाशी थांबत होता. नऊ वर्षे ग्वांगहो सर्वांत धाकटा होता.

"मी नाही म्हणत पूर्वजांना मान देऊ नका," फिल्सुन म्हणाली. "पण यंदा बोंड धरायच्या आधी कापा, आणि भारे पाठीवर घेऊन उतरा."

"जुलैच्या उन्हात टेकडीवर कोण येणार, वहिनी?"

"मी आहे."

*

मेच्या सुरुवातीला तिने प्लास्टिक उचलले तेव्हा आत रोपांची खच्चून गर्दी होती. जाड, मांसल, दोन-दोन पानांची, काहींच्या डोक्यावर कवचाची टोपी तशीच. दोन बोटांत धरून ओढले की अलगद येत. एकेक ओढत, मोजत तिने टोपलीत टाकली. अकराशे चाळीस. पुन्हा पाणी, पुन्हा प्लास्टिक. महिनाअखेरीस चारशे दहा. जूनच्या मध्यावर एकशे सत्तर.

त्यानंतर तिने आपल्या शेताच्या बांधावरची बारीक गवताची हिरवळ चौकोनी तुकड्यांनी उचलून आणली आणि टप्प्यावर फरशीसारखी बसवली. ती चार बोटे उंच राखायची, त्याहून खाली कापायची नाही. पूर्वी यंत्राने गवत खरवडून काढत, माती उघडी पडे आणि त्या टकलावर डुक्करगवताला उजेड मिळे. आता मिळणार नव्हता. वरच्या टप्प्यांच्या कुंपणावरची वेल तिने आणि दोल्गोलकरणीने फुले येण्याआधी उपटली. भारे पाठीवर घेऊन उतरल्या. वाटेत चार वेळा बसल्या.

जुलैच्या पावसाने यंदा तीन आठवडे तोंड मिटले नाही. अधिक महिना लागला तेव्हा कुठे ऊन आले. मंडळ येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी ती टेकडीवर गेली. नव्या हिरवळीच्या फटींतून काटेभोपळ्याची रोपे वर आली होती. पावसाने खालपर्यंत भिजवलेले बी जागे झाले होते.

"उपट पटकन," दोल्गोलकरीण म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम. सकाळी कोणाला कळतंय?"

फिल्सुन खाली वाकली. मग उभी राहिली.

"नको. राहू दे."

"वेड लागलं का? स्वच्छ दिसेल असा शब्द तूच दिलायस."

"आज उपटलं तर पंधरा दिवसांनी आणखी येतील. तेव्हा ते म्हणतील, हान्तीकरणीने फसवलं. मग कोण ऐकणार माझं?"

*

सकाळी जोंगथेक आले. सोबत कुळातले सात-आठ जण, आणि उकरायचे यंत्र घेऊन एक चालक. यंत्र पायथ्याशी थांबले. जोंगथेक खालच्या टप्प्यापाशी उभे राहिले. चार उंचवटे गोल, हिरवे दिसत होते. मग त्यांना रोपे दिसली.

"वहिनी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त वाईट वाटले. "आलंच की पुन्हा."

"आलं. बसा ना खाली."

"काय?"

"बसा. आणि उपटा एक."

मास्तर माणूस, पांढरी विजार. ते उकिडवे बसले, दोन बोटांत रोप धरले आणि ओढले. ते मुळासकट वर आले. मुळाशी कवच चिकटलेले होते. जोंगथेकांनी ते हातावर घेऊन उलटसुलट पाहिले.

"एवढंच?"

"दोन पानांवर असलं तर एवढंच. तुम्ही येता तेव्हा ते दहा हात लांब असतं आणि पोटात बी असतं. मेमध्ये अकराशे चाळीस होती. मग चारशे, मग एकशे सत्तर. ही मोजलीत मी, त्रेसष्ट आहेत. तुमच्या हातात एक, म्हणजे बासष्ट."

मागच्या एका तरुण पुतण्याने विचारले, "आणि पुढच्या वर्षी, काकू?"

"येतील थोडी. नवं बी पडू दिलं नाही तर तीन-चार वर्षांत मातीतलं संपेल. ते काही जादूने येत नाही. ऊब आणि ओल मिळाली की येतं. ते कधी येणार ते मला माहीत झालंय, मी तिथे हजर असते, एवढंच."

जोंगथेकांनी आणखी एक रोप उपटले. मग आणखी एक.

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?" त्यांनी खाली बघतच विचारले.

"तेव्हा खुशाल उकरा. मी इथेच असेन, मला विचारायचं कामही पडणार नाही."

दोल्गोलकरीण फिस्सकन हसली आणि खोकल्याचे निमित्त केले. जोंगथेक उठले, विजारीचे गुडघे झटकले. त्यांनी वरच्या टप्प्यांकडे पाहिले. तिथे ज्यांची थडगी होती त्यांची नातवंडे सोलला, पुसानला, एक तर कॅनडात. त्यांच्याकरता हजर राहणारे कोणी नव्हते.

"वरचे दोन टप्पे ठरल्याप्रमाणे," ते म्हणाले. "खालची चार राहतील. वहीत तसं लिहितो. पण वहिनी, रोपांचा आकडा दर वर्षी मला कळवायचा."

"कळवीन."

चालकाने यंत्र सुरू केले आणि चढणीला लावले. फिल्सुन खुरपे घेऊन पायवाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. यंत्र थांबले.

"आजी, बाजूला व्हा."

"याआधी कुठे काम केलंस?"

"नदीवर. बंधाऱ्याचं."

"ते दिसतंच आहे." यंत्राच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांत नदीकाठचा चिखल वाळून बसला होता. तिने खुरप्याच्या टोकाने एक ढेकूळ पाडले, हाताने फोडले आणि तळहात वर करून त्याला दाखवला. दोन चपट्या तपकिरी बिया. "हे घेऊन तू माझ्या टप्प्याच्या डोक्यावरची माती उलथणार? खाली ये. पट्टे साफ कर."

"आजी, मला दुपारी दुसरीकडे जायचंय."

"मग लवकर सुरू कर. तो चिखल इथे पाडायचा नाही, या ताडपत्रीवर. आणि ऐक, वर खणताना वरची, बी पडलेली माती वेगळी ठेवायची. खड्डा बुजवताना ती तळाशी गेली पाहिजे, खालची वर. आणि त्यावर आजच हिरवळ बसली पाहिजे, उद्या नाही."

चालकाने मदतीच्या आशेने मास्तरांकडे पाहिले. जोंगथेकांनी कोपराच्या वर बाह्या दुमडल्या, रस्त्याच्या कडेची एक काठी उचलली आणि दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यापाशी बसले.

तासाभराने ताडपत्रीवर पोतेभर चिखल जमला. फिल्सुनने दोन्ही पट्टे कडी-कडीत वाकून तपासले, एका ठिकाणी पुन्हा खुरपे घातले आणि बाजूला झाली.

"आता चढव," ती चालकाला म्हणाली. "डावीकडून. माझ्या टप्प्यावर पट्टा येऊ देऊ नकोस."